सहीच्या वरच्या सह्या

माझ्या संग्रहात युद्धविमानांची एकोणतीस छापील चित्रे आहेत. त्यांतल्या अकरा चित्रांच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर पेन्सिलीने केलेल्या सह्या आहेत. एका बाजूला चित्रकाराची सही, दुसऱ्या बाजूला तसे विमान युद्धात प्रत्यक्ष उडवलेल्या वैमानिकाची, आणि कोपऱ्यात ३१२/१००० असा एखादा आकडा. एकूण हजार प्रती छापल्या, त्यांतली ही तीनशे बारावी, एवढाच त्याचा अर्थ. इंग्लंड-अमेरिकेत अशा चित्रांचे प्रकाशक आहेत, लिलाव आहेत, आयुष्यभर हेच जमवणारे लोक आहेत. आपल्याकडे हा छंद फार थोड्यांना आहे, आणि नाशिकमध्ये तो कुणाला लागावा याचे घरी येणाऱ्या पाहुण्यांना नवल वाटते.

मला तो नाशिकमुळेच लागला. माझे बालपण ओझरला, विमान कारखान्याच्या वसाहतीत गेले. १९६४ साली उभ्या राहिलेल्या या कारखान्यात तेव्हा मिग-२१ बनत होती, आणि चाचणीसाठी उडालेल्या विमानाच्या आवाजाने शाळेतला तास दिवसातून दोनदा तरी थांबायचा. दुसऱ्या अंगाला नाशिकरोडचे सरकारी मुद्रणालय. देशभरची टपाल तिकिटे तिथे छापली जात. माझ्या पहिल्या तिकीटवहीत वीस पैशांचे एक तिकीट होते, १९६७ च्या मालिकेतले. त्यावर नॅट जातीची लढाऊ विमाने होती. माझ्या मालकीचे विमानाचे पहिले छापील चित्र ते. जिथे विमान बनते आणि जिथे विमानाचे चित्र छापले जाते ती दोन्ही ठिकाणे एकाच तालुक्याच्या आसपास असलेले गाव दुसरे कुठे असेल असे मला वाटत नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. चित्रकला किंवा इतिहास रीतसर शिकलेलो नाही; जे काही कळते ते जुनी कॅटलॉगे, चरित्रे आणि भिंग यांच्या आधाराने. या लेखात मला एकाच प्रश्नाची उलगड करायची आहे. या चित्रांवरची सही नेमके काय सांगते, आणि काय सांगायचे टाळते?

आकडा आणि पेन्सिल

आधी आकड्याबद्दल. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्राचे छाप काढत गेले की पत्रा झिजतो. पहिल्या छापांत रेषा जशी धारदार असते तशी नंतरच्या छापांत राहत नाही. म्हणून कितवा छाप आहे याला त्या तंत्रात खराखुरा अर्थ होता. छापावर चित्रकाराने पेन्सिलीने सही करायची रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. व्हिसलर आणि सेमूर हेडन या दोन कोरीवकारांचे नाव त्या संदर्भात नेहमी घेतले जाते. या छापाला माझा हात लागला आहे, मी तो तपासून पसंत केला आहे, असे ती सही सांगत असे.

विमानांची चित्रे मात्र बहुधा ऑफसेटवर छापली जातात. मूळ तैलचित्राचा फोटो काढून केलेली ती छपाई असते. ऑफसेटवर पहिली प्रत आणि हजारावी प्रत यांत डोळ्याला दिसेल असा फरक नसतो. प्रकाशकाने ठरवले तर तो पन्नास हजारही छापू शकतो. म्हणजे इथे हजार हा आकडा तंत्राची मर्यादा सांगत नाही. प्रकाशकाने दिलेला तो शब्द आहे. आणि शब्दावर चालणाऱ्या कोणत्याही बाजारात पळवाटाही असतात. हजार प्रतींच्या बाहेर ‘चित्रकाराच्या प्रती’ म्हणून आणखी शंभर, शिवाय मार्जिनमध्ये चित्रकाराने हाताने छोटे रेखाटन करून दिलेल्या आणखी काही. संग्राहक हे सगळे जाणतो आणि तरीही पैसे मोजतो, कारण त्याला हवा असतो वैमानिकाचा हात. आकडा चित्राला दुर्मीळ करतो, तर सही त्याला साक्ष बनवते. म्हणून या चित्रांचे समीक्षण करायचे तर सहीपासूनच सुरुवात करावी लागते.

युद्धातले चित्र आणि युद्धानंतरचे चित्र

युद्ध चालू असताना काढलेली विमानचित्रे वेगळी आणि युद्धानंतर तीस-चाळीस वर्षांनी काढलेली वेगळी. या दोहोंना एकाच नावाखाली ठेवल्यामुळे पुष्कळ गोंधळ होतो.

१९३९ मध्ये ब्रिटनने केनेथ क्लार्क यांच्या अध्यक्षतेखाली युद्धचित्रकारांची एक समिती नेमली. तिच्यासाठी काम करणाऱ्या पॉल नॅश यांनी १९४०-४१ मध्ये ‘टोटेस मेर’ म्हणजे ‘मृत समुद्र’ हे चित्र रंगवले. पाडलेल्या जर्मन विमानांचे भंगार ऑक्सफर्डजवळ काउली इथे रचून ठेवले होते. चांदण्यातले ते मोडके पंख नॅश यांना गोठलेल्या लाटांसारखे दिसले. चित्रात ना कुणी वीर आहे ना कुणाचा विजय. एरिक रॅव्हिलियस या दुसऱ्या चित्रकाराने विमानतळांची शांत जलरंगचित्रे काढली, आणि १९४२ मध्ये आइसलँडजवळ बेपत्ता विमानाच्या शोधाला निघालेल्या विमानातून तो गेला तो परतलाच नाही. या चित्रांच्या खाली वैमानिकाची सही असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. भंगाराच्या समुद्रावर सही कोण करणार?

सहीवाले चित्र सुरू होते ते साधारण १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून. तोवर युद्धातले तरुण वैमानिक साठीला आले होते, त्यांच्याविषयी पुस्तके आणि चित्रपट निघून गेले होते, आणि ज्यांचे वडील त्या युद्धात लढले त्या पिढीच्या हातात पैसा आला होता. रॉबर्ट टेलर हे या धाटणीचे सर्वांत गाजलेले चित्रकार. त्यांच्या ‘ड्युएल ऑफ ईगल्स’ या चित्राच्या प्रतींवर डग्लस बेडर आणि अ‍ॅडॉल्फ गॅलंड या दोघांच्या सह्या आहेत. बेडर हा दोन्ही पाय गमावलेला ब्रिटिश वैमानिक. ऑगस्ट १९४१ मध्ये फ्रान्सवर तो पडला आणि जर्मनांच्या हाती लागला. तेव्हा गॅलंड त्या भागातल्या जर्मन लढाऊ विमानदलाचा प्रमुख होता आणि त्याने या कैद्याचा पाहुणचार केला. युद्धानंतर दोघे मित्र झाले. एकमेकांना आकाशात मारायला निघालेल्या दोन माणसांनी एका कागदावर शेजारी शेजारी सही करावी, ही या साऱ्या व्यवहारातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट आहे. चित्र बाजूला ठेवले तरी तो कागद जपून ठेवावा असा आहे.

पण चित्र बाजूला ठेवायचे नाही म्हटले तर काय दिसते? या धाटणीचे एक व्याकरण आहे आणि शंभर चित्रे पाहिली की ते पाठ होते. विमान आपल्याकडे थोडे वळलेले, एक पंख खाली झुकलेला, म्हणजे बाजूवरचा क्रमांक वाचता यावा. मागे ढगांचे डोंगर आणि कलता प्रकाश. शत्रूचे विमान खालच्या कोपऱ्यात, धूर सोडणारे. ते जमिनीवर आदळताना कधी दिसत नाही. वैमानिक म्हणजे काचेमागचा एक ठिपका. संग्राहक भिंग घेऊन काय तपासतात, तर रिव्हेटच्या रांगा, रंगाची छटा, त्या महिन्यात त्या तुकडीची अक्षरे कोणती होती ते. या तपशिलाची मेहनत मी कमी लेखत नाही. परंतु वस्तूचा अचूकपणा हा प्रसंगाचा खरेपणा नव्हे. रिव्हेट बरोबर आहेत म्हणून युद्ध बरोबर दाखवले आहे असे आपण नकळत मानतो, आणि वैमानिकाची सही त्या समजुतीवर शिक्कामोर्तब करते. सही करणाऱ्याने मात्र चित्र काढलेले नसते, आणि त्या क्षणी तो विमानाच्या आत बसलेला होता; विमान बाहेरून कसे दिसत होते हे तर त्याने पाहिलेलेच नसते.

भिंगातून

एकदा मी फसलो. एका विक्रेत्याकडून सात हजार रुपयांना सहीचे म्हणून एक चित्र घेतले. आमच्या शेजारी नाशिकरोडच्या छापखान्यातून निवृत्त झालेले एक काका राहत. त्यांना कौतुकाने दाखवायला नेले. त्यांनी खिशातले दहापट भिंग सहीवर ठेवले आणि मला म्हणाले, “बघ, ठिपके दिसतात का?” दिसत होते. सही म्हणजे चित्राबरोबरच छापलेली नक्कल होती. राखाडी दिसणारी रेघ चार रंगांच्या ठिपक्यांची बनलेली. मग त्यांनी खरी पेन्सिल कशी ओळखायची ते शिकवले. कागद उजेडात तिरका धरला की शिसे चमकते. रेघ कागदाच्या तंतूंवर बसलेली दिसते. पाठीमागून बोट फिरवले की दाबाचा किंचित उठाव लागतो. शाई उडते, शिसे उडत नाही, म्हणूनही पेन्सिल.

“पण काय रे,” काका शेवटी म्हणाले, “तीस वर्षं तिकिटं छापली. एकाही तिकिटावर आमची सही नाही. अन् आमचं काही अडलंही नाही.”

मी हसलो आणि विसरलो. ते वाक्य पुन्हा आठवले ते वडिलांमुळे.

सातशे

माझे वडील, अण्णा, कारखान्यात येण्यापूर्वी पंधरा वर्षे हवाईदलात इंजिन फिटर होते. १९७१ च्या डिसेंबरात ते पूर्वेकडच्या एका तळावर मिग-२१ वर काम करत होते. त्याबद्दल ते फारसे बोलत नसत. नदीच्या पात्रावरून खाली झेपावणाऱ्या मिग-२१ चे एक चित्र मी मिळवले. पन्नासच प्रती काढलेले, त्या युद्धात उडालेल्या एका वैमानिकाची सही असलेले. तेव्हा वाटले, हे अण्णांना आवडेल. अण्णांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिले. “जहाज बरोबर काढलंय,” म्हणाले. हवाईदलातले तंत्रज्ञ विमानाला जहाजच म्हणतात. मग सहीवर बोट ठेवून त्यांनी विचारले, “ही शेवटची सही झाली. हिच्या वरच्या कुठं आहेत?”

मला कळले नाही. मग त्यांनी समजावून सांगितले.

प्रत्येक विमानाची एक नोंदवही असते. फॉर्म ७००; सगळे नुसते ‘सेव्हन हंड्रेड’ म्हणतात. ब्रिटिश हवाईदलाकडून आपल्याकडे आलेली ही पद्धत. उड्डाणापूर्वी सांगाडा पाहणारा, इंजिन पाहणारा, विजेची जोडणी, उपकरणे, शस्त्रे, रेडिओ पाहणारा, अशा प्रत्येकाने आपापली तपासणी करायची आणि आपापल्या रकान्यात सही करायची. त्यानंतर त्यांचा प्रमुख. सर्वांत शेवटी वैमानिक वाचतो आणि सही करतो, म्हणजे हे विमान मी ताब्यात घेतले. परत आल्यावर काही बिघाड असेल तर तो लिहितो, पुन्हा सही करतो, आणि खालची माणसे पुन्हा कामाला लागतात. काही चुकले तर आधी ही वही ताब्यात घेतली जाते. त्या सहीला आकडा नव्हता, बाजार नव्हता, पण तिच्यावर दुसऱ्याचा जीव होता.

“आम्ही रात्री टॉर्चच्या उजेडात सह्या करायचो,” अण्णा म्हणाले. “अक्षर कसंही येऊ दे, सही खोटी करायची नाही. बास.”

त्या दिवसापासून माझी या चित्रांकडे पाहण्याची रीत बदलली. वैमानिकाची सही एकटी कधीच नव्हती. ती एका रांगेतली शेवटची सही होती. छापील चित्राने ती रांग पुसली, शेवटचे नाव उचलले आणि मार्जिनवर आणून ठेवले. यात वैमानिकाचा काही दोष नाही; धोका त्यानेच पत्करला होता. मात्र ‘ही लढाई याने लढली’ असे जेव्हा तो कागद सांगतो, तेव्हा वहीच्या एका पानाचे तो एका ओळीत संक्षेपीकरण करत असतो.

ज्यांची सही मिळणार नाही

दुसरी वगळ मृत्यूची. सही मिळते ती जगलेल्याची. १४ डिसेंबर १९७१ या एका दिवसाचे उदाहरण घ्या. त्या सकाळी श्रीनगरच्या धावपट्टीवर बाँब पडत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों नॅट घेऊन उडाले, सेबर विमानांशी एकटे झुंजले आणि कोसळले. हवाईदलाचे आजवरचे एकमेव परमवीर चक्र त्यांचे. त्यांच्या त्या झुंजीची चित्रे पुष्कळांनी काढली आहेत, पण बाजाराच्या नियमाने ती सारी अपुरीच राहणार. त्याच दिवशी ढाक्यात विंग कमांडर बी. के. बिश्नोई यांच्या नेतृत्वाखाली गुवाहाटीहून निघालेल्या चार मिग-२१ विमानांनी गव्हर्नर हाऊसवर रॉकेटे सोडली. शहराच्या पर्यटक नकाशावरून लक्ष्य शोधले होते. आत बैठक चालू होती; गव्हर्नर मलिक यांनी त्यानंतर तिथेच राजीनामा लिहिला. दोन दिवसांनी शरणागती झाली. या प्रसंगाचे चित्र काढणारा कुणीही असो, तो वरून काढणार: विमान, छप्पर, धूर. छपराखालच्या खोलीतल्या माणसांचे चित्र या धाटणीच्या व्याकरणात बसत नाही.

आणि बेडर-गॅलंडसारखा कागद आपल्या उपखंडात का नाही? त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला बोयरा इथे आपल्या नॅट विमानांनी पाडलेल्या सेबरांपैकी एकाचा वैमानिक परवेझ मेहदी कुरेशी कैद झाला. पुढे तो पाकिस्तानच्या हवाईदलाचा प्रमुख झाला. मॅसी, गणपती, लाझारस आणि कुरेशी यांच्या सह्या एका चित्राखाली शेजारी आणता आल्या असत्या, निदान कल्पनेत तरी. पण तशा सहीसाठी आधी दोन्ही बाजूंनी युद्ध संपलेले असावे लागते. आपल्याकडे ते संपलेले नाही. म्हणून आपली चित्रे अजून स्मरणापेक्षा घोषणेच्या जवळ राहतात. टीका म्हणून मी हे म्हणत नाही. आपल्या परिस्थितीची ती नोंद आहे.

एक अपवाद मला सारखा आठवतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलात जे मोजके भारतीय वैमानिक होते त्यांत मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर होते आणि कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय. दोघेही १९१८ च्या उन्हाळ्यात गेले, वेलिंगकर जूनमध्ये, रॉय २२ जुलैला. रॉय यांनी स्वतः विमानांची रेखाटने केली होती. त्यांतली काही पालमच्या हवाईदल संग्रहालयात आहेत. तिथे चित्र काढणारा आणि साक्षीदार एकच आहे. प्रतींचा आकडा नाही, प्रमाणपत्र नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाने आपण ज्या यंत्रात बसतो ते यंत्र कागदावर उतरवून पाहिले, एवढेच. सहीच्या चित्रांकडे जे मागितले जाते आणि जे ती देऊ शकत नाहीत, ते या साध्या रेखाटनांत आहे.

नाशिकरोडला छापलेली तिकिटेही या नजरेने मी पुन्हा काढून पाहिली. १९२९ च्या हवाई टपालाच्या तिकिटांवरचे हर्क्युलिस, १९५८ च्या हवाईदल रौप्यमहोत्सवाच्या तिकिटांवरची वापिती आणि हंटर, आणि माझे ते वीस पैशांचे नॅट. कलेच्या दृष्टीने ती फार मोठी आहेत असे नाही. पण ती कुणा एकाच्या नावावर नाहीत. ती लाखोंनी छापली गेली, पाकिटांवर चिकटली, शिक्क्याखाली काळी झाली. आज काही संग्राहक अशा पाकिटांवर वैमानिकांच्या सह्या घेतात. सैन्याच्या टपाल खात्याने तुकड्यांच्या वर्धापनदिनी काढलेली पाकिटे त्यासाठी विशेष शोधली जातात. म्हणजे तिकिटालाही शेवटी त्याच रांगेत आणले गेले.

उरलेली जागा

१७ मार्च २०२५ रोजी जॉन हेमिंग्वे वयाच्या १०५ व्या वर्षी गेले. ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मधले ते अखेरचे हयात वैमानिक. त्या लढाईच्या चित्रांवर आता नवी सही होणार नाही. जुन्या कागदांवरच्या सह्या कापून नव्या चित्रांच्या चौकटीत बसवण्याचे प्रकार आधीच सुरू आहेत. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ ने निरोप घेतला. या जातीची सहाशेहून अधिक विमाने आपल्या देशात बनली. आता त्यांची चित्रे निघतील, सह्यांची निघतील, आणि मी त्यांतले एखादे घेईनही. प्रकाशकांना एकच सुचवावेसे वाटते. प्रमाणपत्राचा जो कागद सोबत देता, त्यावर त्या विमानाच्या त्या दिवसाच्या तंत्रज्ञांची नावे मिळाली तर छापा. न मिळाली तर रकाने रिकामे छापा. चार रिकाम्या रकान्यांखाली वैमानिकाची सही आली तर तिचा मान कमी होणार नाही. ती कुठल्या पानावरची आहे ते निदान कळेल.

अण्णा जाण्याच्या आदल्या वर्षी मी ते मिगचे चित्र पुन्हा त्यांच्यापुढे ठेवले होते. पेन्सिल टोक करून नेली होती. म्हटले, “अण्णा, वैमानिकाच्या सहीच्या वर तुमची सही करा. चित्र पूर्ण होईल.”

त्यांनी पेन्सिल घेतली, वाकून शेपटावरचा क्रमांक वाचला, आणि पेन्सिल परत दिली.

“हे माझं जहाज नाही,” ते म्हणाले. “ज्यावर आपला हात लागला नाही, त्यावर सही करायची नसते.”

बाजाराच्या हिशेबाने त्या सहीला काही किंमत आली नसती. पण माझ्या संग्रहात नसलेली ती सही हा मी आजवर ऐकलेला या विषयावरचा सर्वांत कडक अभिप्राय आहे. चित्र भिंतीवर आहे. वैमानिकाच्या सहीवरची दोन बोटे जागा कोरी आहे, आणि पाहुण्यांना मी आता आधी ती जागा दाखवतो.